सात नंबरला आज काय लावलं

इंजिनशेडच्या वहीत ही एक ओळ रोज रात्री मीच भरायचो:
सात नंबर पॅसेंजर, इंजिनं कोणती.
एके काळी वर्षानुवर्षं उत्तर एकच,
किरमिजी तीन, एका साच्यातली, आणि पिवळी रेघ
पहिलीच्या नाकापासून शेवटच्या डब्याच्या दारापर्यंत सलग.
तेव्हा ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं की भागायचं.

मग दोन कर्जबाजारी कंपन्यांनी लग्न लावलं.
नवऱ्याकडून काळी इंजिनं आली, नवरीकडून किरमिजी,
रंगाला पैसे कुणाकडेच नव्हते.

सदुसष्टचा जानेवारी.
सस्क्वेहाना अशी गोठलेली
की पोरं नदीवरूनच पलीकडे शाळेला जायची.
त्या रात्री लिहिलं:
पुढे ८२१, मालगाडीचं, यार्डातून ओढून आणलेलं,
एका काचेच्या जागी पुठ्ठा.
मागे ६०७, बसक्या नाकाचं.
त्याचा कारखाना केव्हाच बुडालाय,
एक सुटा भाग हवा तर त्याच्याच भावंडाला मारावं लागतं.
पण डबे तापवणारा बॉयलर
सगळ्या शेडमध्ये धड होता तो त्याचाच.

दोघांच्या केबली जुळेनात.
एकाच्या तोंडात सत्तावीस पिना,
दुसऱ्याचा कारभार सगळा हवेवर.
म्हणून ड्रायव्हरही दोन.
पुढे एमेट स्ट्रॉब, काळ्यांकडचा.
मागे कॅसिमिर वोझ्निक, आमचा.
ज्येष्ठतेच्या यादीत एमेट त्याच्या वर चढला
त्या दिवसापासून दोघांत चकार शब्द नाही.

एमेटनं शिटी दिली, दोन आखूड.
कॅसिमिरनं दिली, दोन,
जरा उशिरा,
ज्याला कळायचं त्याला कळावं इतकीच उशिरा.
अकरा उतारू घेऊन गाडी हलली.
टपालाचा डबा सप्टेंबरातच सुटला होता.

पुढचं गार्ड लाव्हर्न टेटनं सांगितलं.
घाटाच्या चढावर ८२१ची चाकं जागच्या जागी फिरू लागली,
शिटी द्यायला एमेटला हात मोकळा नव्हता.
मागून ६०७ चा आवाज खाली उतरला,
घसा खाकरून बोलावं तसा,
आणि तिनं ढकललं,
न विचारता, न हिसका देता.
तिसऱ्या डब्यात एक बाई कोटात गुंडाळून
कॅनरीचा पिंजरा नेत होती.
वाटीतलं पाणी सांडलं नाही, म्हणाला.
माथ्यावर पोचल्यावर पुढून एक शिटी आली,
लांब, खालच्या सुरातली.
नियमांच्या पुस्तकात ती नाही.
कॅसिमिरनं उत्तर दिलं का, विचारलं.
टेट म्हणाला, वारा फार होता.

मी शेऱ्यात लिहिलं:
बावीस मिनिटं उशीर. कारण बर्फ.

गाडी बंद झाली तेव्हा रकाना मात्र छापील होता,
साहेब म्हणाले, कोरा ठेवू नका.
पहिल्या रात्री लिहिलं: काही नाही.
दुसऱ्या रात्री पेन बराच वेळ धरून बसलो,
आणि मग, किती वर्षांनी,
वरीलप्रमाणे.