कव्हर कामावर आहे

पुण्याहून आलेला माणूस रेकॉर्ड उजेडात तिरकी धरतो,
ओरखडे मोजतो, जसे आमचे मुकादम
चादरीतले तुटके धागे मोजायचे.
"प्रत चांगली आहे," म्हणतो, "पण कव्हर?
कव्हर नसेल तर निम्मी किंमत."

त्याला काय सांगू.

गार्ड सेसिल रोझारिओ रेल्वे लाइन्समधलं घर मोडून
पर्थला निघाला, तेव्हा अंगणात सगळं मांडून बसला होता:
वेताच्या खुर्च्या, पोपटाचा पिंजरा (पोपट नसलेला),
आणि एकशे बारा रेकॉर्डी.
अप्पा गेले होते फक्त पुठ्ठ्यासाठी.

अप्पा म्हणजे नरसय्या गज्जम, कार्ड पंचर, साखर पेठ.
जकार्डच्या मागावर नक्षी पुठ्ठ्यातून उतरते:
भोक असेल तिथे सुई आत, दोरा वर.
भोक नसेल तिथे काही नाही.
पुठ्ठा महागला होता. एक कव्हर बोटांनी वाकवून
अप्पा म्हणाले, "माल कडक आहे,"
आणि किलोवर घेतलं सगळं.
आतल्या काळ्या तबकड्या वजनात धरायच्या नाहीत
म्हणून पाऊण तास घासाघीस.
शेवटी रोझारिओनं प्लेअरही वर ठेवला, फुकट.
"एकदा ऐक तरी, मॅन."

ऐकू कमी यायचं अप्पांना.
सतरा वर्षं लूमशेजारी उभ्या माणसाला येतं तेवढंच.
ट्रम्पेट त्यांच्यापर्यंत कधी पोचलाच नाही.
ते फळीवर तळहात ठेवायचे
आणि खाली काय चाललंय ते आम्हाला सांगायचे:
"हा ड्रमवाला पिक जरा उशिरा टाकतो.
चुकून नाही. मुद्दाम."
मला जॅझ एवढाच कळला, आणि तो पुरला.

ब्लूज लागला की म्हणायचे, "बाराच कार्डांची नक्षी,
परत पहिल्यापासून. पण बघ, दर खेपेला रंग वेगळा."
कंट्रीवाला घोड्याबद्दल गातोय की बायकोबद्दल
यावर भावाशी माझी मारामारी.
आई म्हणाली, कुणी सोडून गेलंय त्याचं.
आईला इंग्रजी येत नव्हतं. हेही ती तेलुगूत म्हणाली.
रॉक अँड रोलला अप्पा हात झटकन काढून घ्यायचे:
"व्होल्टेज वाढलंय, मोटर पळतेय, बंद कर!"

मे महिन्यात पत्र्याखाली चव्वेचाळीस.
रेकॉर्ड पापडासारखी वाकडी, सुई चढते, उतरते,
गाणाऱ्या बाईला उचकी लागल्यासारखी.
अप्पांनी तिला दोन काचांमध्ये घातलं,
वर मागाची वजनं, दोन रात्री.
सरळ झाली, पण एका जागी अडकायची ती अडकायचीच.
"धागा तुटलाय," म्हणत ते सुई नखानं पुढे सारायचे,
विणकर गाठ लपवतो तसे.

कव्हरं मात्र कापली जात होती.
एखादं कार्ड फाटलं की एक कव्हर.
गाल फुगवलेला ट्रम्पेटवाला सगळ्यात शेवटी राहिला.
चार दिवस अप्पांनी त्याला कपाटावर ठेवलं,
मग मोराच्या चादरीची ऑर्डर आली,
मोराच्या मानेतलं एक कार्ड गेलेलं.
त्या दिवशी पंच मारताना
त्यांनी आम्हाला बाहेर पाठवलं होतं.

"कव्हर आहे," मी पुण्याच्या माणसाला म्हणते,
"पण कामावर आहे."
त्याला वाटतं मी भाव वाढवतेय.
दोनशे वर चढवतो. मी रेकॉर्ड परत घेते.

तो गेल्यावर शेडमध्ये जाते. लाइट गेलेली,
कार्डांची माळ मागावर थांबलेली.
चारशे सतरावं. दोऱ्यांनी शिवलेलं, कडा काळ्या.
अर्धा गाल, एक डोळा, पितळेची कड,
आणि सगळीकडे भोकं.
त्यातून पलीकडची भिंत दिसते,
भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर.

लाइट येते. माळ सरकते, गाल वर जातो.
मी मागाच्या चौकटीवर तळहात ठेवते.
पिक वेळेवर पडतोय.
जरा जास्तच वेळेवर.