मागे ये

अदेरितुचा चेहरा मला नीट आठवत नसे.
पाठ आठवायची.
सतरा नंबर, त्यातल्या सातचा पाय उसवलेला,
आणि मानेवर, केस संपतात तिथे,
मक्याच्या दाण्याएवढा पांढरा डाग.

कुविल्यांला दोन हंगाम मी त्याच्या मागे खेळलो.
तो उजवा विंगर, मी राइट बॅक.
म्हणजे तो पुढे जायचा
आणि मागे जे उरायचं ते मी निस्तरायचो.

लोकरीच्या गिरण्या बंद पडलेलं डोंगरातलं गाव ते.
जानेवारीत मैदान पांढरं, रेघही पांढरी,
म्हणून माळी विटांचा चुरा ओढायचा कडेने.
त्या लाल रेघेला धरून हा पळायचा,
शाळेतून घरी जाताना
पोरगं भिंतीवरून बोटं फिरवत जातं तसा.
डावा खांदा पाडायचा आणि उजवीकडून निसटायचा.
बस्स. एवढंच येत होतं त्याला.
अख्ख्या लीगला ठाऊक होतं,
तरी समोरचा दर वेळी फसायचा.
मीसुद्धा, सरावात, रोज.

चेंडू गेला की मात्र उभा. कमरेवर हात.
आणि मी घसा फोडून :
मागे ये! अदेरितु, मागे ये रे!
तो हात वर करायचा,
जणू स्टँडात कुणी ओळखीचं दिसलंय.
यायचा नाही.

जूनमध्ये गेला. निरोप नाही.
कपाटात एक मोजा, साबणाची अर्धी वडी.

मग फोन. अवेळी, दरवेळी नवा नंबर.
प्लोएश्ती : इथे पाण्यालाही तेलाचा वास येतो.
(चार महिन्यांचा पगार बुडाला, हे नंतर कळलं.)
लार्नाका : खाऱ्या तळ्यात फ्लेमिंगो आलेत, थेट तुझे पाय.
तिथे गुडघा गेला.
अहवाझ : सामना रात्री दहाला, तरी बूट तापतात.
मला आदिल म्हणतात हे लोक,
अर्धं नाव ठेवूनच घेतलं त्यांनी.
लुआंडा : इथे बरंय, शिव्या कळतात.
देब्रेत्सेनहून बराच वेळ नुसता श्वास.
मी विचारलं, मागे कोण आहे तुझ्या?
म्हणाला, एक सर्बियन पोरगा. चांगला आहे.
ओरडत नाही पण.
करमत नाही रे.

मी तोवर सार्डिनचा ट्रक चालवत होतो.
पेनिशला माल भरायला गेलो की त्याच्या आईकडे डोकवायचो.
एतेल्विनाबाई खिडकीत लेस विणत बसलेल्या,
मांडीपुढे गच्च उशी, उशीवर टाचण्यांचं रान,
आणि लाकडी गुंड्या एकमेकींवर टकटक.
उशीला अभ्रा घातला होता प्लोएश्तीच्या जर्सीचा.
"कापड दणकट आहे," म्हणाल्या.
मग वर न बघता :
"तू त्याच्या मागेच होतास ना?
मग जाऊ कसं दिलंस?"
मी म्हटलं, ओरडत होतो बाई.
त्यांनी एक टाचणी उपटली, दुसरीकडे खोचली.

अकरा वर्षांनी आला. दोन बॅगा, एक लंगड.
बंदरामागच्या मैदानावर
म्हाताऱ्यांचा सामना होता, चाळिशीपुढचे सगळे,
वारा असा की कॉर्नर मारला तर स्वतःकडेच परत यायचा.
समोरासमोर उभा राहिला तेव्हा पाहिलं :
साधाच चेहरा. एक दात सोन्याचा.
कुठला, विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या डावात माझ्या काय अंगात आलं कुणास ठाऊक,
चेंडू घेऊन मीच सुटलो कडेकडेने,
त्याला ओलांडून, त्याच्याही पुढे,
आयुष्यात इतका पुढे कधी गेलो नव्हतो.
डावा खांदा पाडला.
समोरचा हललासुद्धा नाही, अलगद काढून घेतला चेंडू.
मी उभा. कमरेवर हात. छाती भात्यासारखी.

आणि पाठीमागून, वाऱ्यातून, घोगरा आवाज :
मागे ये! अरे, मागे ये!

मी हात वर केला.

गोल झालाच मग.
गोलकीपर दोघांच्याही आईवरून बोलत होता,
आणि एतेल्विनाबाई, कुंपणाशी, शाल सावरत,
त्याला खडसावत होत्या.