बोंड

निवडणूक आटोपली, ठाण्यात जमा झालेल्या बंदुका सुटल्या,
तशा रत्नमालाबाई सोळंके आल्या परभणीला, माझ्या दुकानी.
रायफलीच्या गळ्यात अजून सुतळी, सुतळीला ठाण्याची चिठ्ठी.
आधी परवाना ठेवला टेबलावर, मग वारसाचा कागद,
मग रायफल.
हा क्रम ज्याला कळतो
त्याचं काम मी उधारीवरसुद्धा करतो.

म्हणाल्या, बोल्टचा दांडा खाली वाकवून द्या.
दुर्बीण बसवायचीय. निशाण्याचा काळा ठिपका
आता दोन दिसतो मला.
सरळ दांडा उचलला की दुर्बिणीला धडकणार.
आणि हे टोकाचं बोंडही बदला,
एका अंगानं झिजलंय,
वडिलांनी चाळीस वर्षं वापरलं,
माझ्या हातात कधी बसलंच नाही.

बोल्ट काढून मी खिडकीत धरला.
दांड्याच्या पोटाखाली पितळी रेघ, केसाएवढी.
रेघेशेजारी कानशीचे तीन घाव,
तिसरा आखूड.
सही येत नव्हती बापूंना,
ते असं करायचे.

बाई, म्हणलं, हे झिजलेलं नाही.
पोलाद असं झिजायला तीन पिढ्यांचे तळवे लागतील.
हे घासून दिलंय. मोजून.
कामून, ते वहीत असेल.

पत्र्याच्या पेटीत वह्या होत्या, तेलानं पारदर्शक झालेल्या.
बापू सांगायचे, मी लिहायचो,
पाचवीतलं अक्षर, सांगतील तसं, एकही शब्द न गाळता:
'भुजंगराव सोळंके, मानवत. बोंड एका अंगानं सपाट.
अंगठा वाकत नाही. कोणाला सांगू नये.
अकरा रुपये.'

बाईंनी दोनदा वाचलं.
बाहेर रिक्षावाला मोंढा, मोंढा ओरडत होता.
मग म्हणाल्या,
सुपारी कातरायला ते गड्याला सांगायचे.
मला वाटायचं, रुबाब.
सदऱ्याची बटणं आई लावायची.
मला वाटायचं, माया.
थांबल्या.
माया असेलही.

त्यांनी आपला अंगठा ताठ केला,
काडीसारखा, आणि बोल्ट पुन्हा घरात सरकवून
बोंडावर हात ठेवला.
वर, मागं, पुढं, खाली.
कुठं अडकलं नाही.
तीस वर्षांत पहिल्यांदा, म्हणाल्या,
आणि परत एकदा केलं.

मी म्हणलं, नुसता दांडा वाकवता येतो.
बोंडाला हात लावायची गरज नाही.
चहावर साय धरली तरी उत्तर नाही.
मी उगीच पान्हे पुसत बसलो,
पुसलेलेच.

कापा, म्हणाल्या.
माझा अंगठा वाकतो.

डब्यातली कणीक होती, बायकोनं कशाला दिली कोण जाणे,
ती त्यांच्या मुठीत दिली. दाबा, म्हणलं,
नेम धरताना दाबता तेवढीच.
बोटांचे चार खड्डे उमटले, अंगठ्याचा एक, खोल.
ते माप खिडकीत वाळत ठेवलं, मुंग्या लागू नयेत म्हणून
खाली पाण्याची बशी.

दुसऱ्या दिवशी बोल्टच्या अंगाला ओलं फडकं गुंडाळलं,
आच पुढं सरकू नये म्हणून, आणि दांडा तापवला.
जांभळाचा रंग आला, मग लाल भोपळ्याचा.
वाकताना लोखंड आवाज करत नाही.
लोकांना वाटतं, करतं.
बोंड कापलं बापूंच्या रेघेच्या अलीकडून,
म्हणजे रेघ आणि तीन घाव बोंडाबरोबर गेले.

बाईंनी ते ठाण्याच्या सुतळीत बांधलं, पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकलं.
पावती मागितली. दिली.
त्या गेल्यावर वही उघडली.
नाव, गाव, नंबर. काम: दांडा वाकवला, बोंड नवीन.
पुढं कारणाचा रकाना.
पेन बराच वेळ तिथंच टेकलं, शाईचा ठिपका पडला, पसरला.
मग लिहिलं,
दुर्बीण.