जोखीम

नारिनच्या नर्सिंग कॉलेजात बाहुली एकच आहे.
तिची डावी मांडी इतक्या वर्षांत चाळण झालेली,
पाणी भरलं की थेट बुटांवर ओघळतं.
आम्ही सतराजणी आणि एक कुबान,
पाळीपाळीने तिच्यावर सुई धरायला शिकलो.
नव्वद अंशांत. हात न थरथरता.
बाहुली रडत नाही,
आणि मुख्य म्हणजे
बाहुलीला आई नाही.

हे आनाराबाईंनी जानेवारीत बोलून दाखवलं,
खिडकीची काच आतून गोठली होती तेव्हा.
खुर्ची ओढली, बाहुली शालीत गुंडाळून मांडीवर घेतली.
म्हणाल्या, मी आई. मला गोवराची लस नको. बोला.

आयपेरी टक्केवारी बोलली, तोंडपाठ.
बाई बाहुलीचा पाय शालीत सारत राहिल्या.
मीरगुलने पुस्तकातलं चित्र उघडलं, पुरळ, सुजलेले डोळे.
बाईंनी बाहुलीचं तोंड कुशीकडे वळवलं.
कुबान म्हणाला, अहो, एवढी शिकलेली माणसं काय मूर्ख आहेत?
बाई उठल्या आणि बाहुलीसकट
दार ओढून गेल्या.

आम्ही हसलो. मग थांबलो.
पावलं व्हरांड्यातून जिन्यापर्यंत गेली, जिना उतरली.
परत आल्या तेव्हा शालीवर बर्फ होता.
फळ्यावर काही लिहिलं नाही, एवढंच म्हणाल्या,
ती आता पुढच्या साथीपर्यंत येत नाही.
तास संपला. माझी पाळी आलीच नाही.

ती आली मार्चमध्ये,
खिंडीच्या अलीकडल्या गावात.
दवाखाना म्हणजे शाळेची मागची खोली, धुरकट शेगडी,
आणि लशींचा डबा, माझ्याहून जास्त जपलेला.
उमसुनआजी नातवाला कोटाच्या आत घेऊन आली,
बाहेर फक्त टोपी.
बेकतुर, तेरा महिने.
आई येकातेरिनबुर्गला, गोदामात खोकी चिकटवते,
बाप तिकडेच कुठल्या इमारतीवर.
वजन करा, आजी म्हणाली. सुई नको.

टक्केवारी अगदी जिभेवर आली होती.
गिळली.
विचारलं, रात्री झोपतो का नीट?
आजीने माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं.
मग दात, जुलाब,
घोड्याला भीत नाही पण कोंबडा दिसला की किंचाळतो,
फोनमधल्या आईला चाटतो.
त्याच फोनमध्ये एक बाई येते, पांढऱ्या कोटातली,
म्हणते, सुईनंतर मुलं मुकी होतात.

खरं नाही ते, मी म्हटलं.
कितीतरी देशांत तपासलंय, लाखो मुलांत.
ताप येतो कधी, थोडं पुरळ उठतं. ते मी लपवणार नाही.

नसेल खरं, आजी म्हणाली.
माझी पाचही पोरं मी टोचून आणली, कुणाला न विचारता.
ती माझी होती.
हा दुसऱ्याची जोखीम.
माझ्या हातून ह्याचं अंग नुसतं गरम झालं
तरी लेकीला काय तोंड दाखवू?

जिपाराला फोन लावला. वाजून वाजून थांबला.
पाळी चालू असेल तिची, आजी म्हणाली.
गुरुवारी बघू.
टोपी पुन्हा कोटात गेली.

रजिस्टरात रकाने दोनच, दिली आणि नाकारली.
मी समासात पेन्सिलीने लिहिलं, विचारतेय.

रात्री साडेअकराला फोन.
मागे पट्ट्याची घरघर, कुणीतरी रशियनमध्ये ओरडत होतं.
मी जिपारा. आईने नंबर दिला.
उठून बसले. लाखो मुलं, देश, ताप,
सगळं मनात ओळीने मांडलं.

तिने त्यातलं काहीच विचारलं नाही.
टोचताना, म्हणाली, त्याला मांडीवर कोण घेतं?
तुझी आई, मी म्हटलं.
बराच वेळ नुसता पट्टा चालला.

मग म्हणाली, डाव्या कुशीला घे म्हणावं.
उजवीकडे तो रडतो.
म्हणजे,
मी होते तेव्हा रडायचा.