अक्षरामागे दोन रुपये

महालातल्या टाऊन हॉलच्या सागवानी फळीवर
महापौरांची नावं मी लिहितो.
सोनेरी रंग, खाली पिवळा हात,
अक्षरामागे दोन रुपये.
काना-मात्रा फुकट.

अधीक्षकांनी चिठ्ठी दिली : यू. डी. निखारे.
शिडीच्या पायाशी ते स्वतः येऊन उभे,
अंगात नवं जाकीट, काखेत जुनीच छत्री.
"यू-डी काहून? पुरं लिही.
उरकुडा दसाराम निखारे."

पाचपावलीत कोणालाही विचारा,
उरकुडा म्हणजे उकिरडा.
आधीची तीन लेकरं सटवीनं नेली,
म्हणून चौथ्याला आईनं सुपात घालून
उकिरड्यावर ठेवलं;
शेजारणीनं उचललं
आणि पसाभर तांदळाला परत विकलं.
मरणानं नाक मुरडून पुढे जावं
म्हणून ठेवलेलं नाव.
"शहराचा कचरा आता माह्याच टेबलावर येनार,
मंग नाव तं बरोबरच हाये ना बाप्पा."

मागाच्या खड्ड्यात पाय सोडून
पंचवीस वर्षं धोतरं विणली त्यांनी.
गल्लीत चाळीस घरं, नळ एक,
तोही पहाटे तीनला खोकायचा फक्त.
एकदा चाळीस घरचे रिकामे गुंड
बंडीवर घालून नेले महापालिकेच्या पायऱ्यांवर
आणि बडवत बसले दिवसभर.
नळ आला.
मग लोकांनीच उभं केलं. निशाणी छत्री.
दोनदा पडले,
तिसऱ्यांदा एक्केचाळीस मतांनी आले.
छत्री तेव्हापासूनची.

महापौर एक वर्षाचे.
गाडीला लाल दिवा, सही मात्र आयुक्तांची.
फिती कापायच्या, पाहुण्यांना संत्र्यांची करंडी द्यायची,
सभागृहात घंटी वाजवायची, ती कोणी ऐकायची नाही.
कापलेली फीत ते बोटांत चोळून बघत,
"नायलॉन," म्हणत, आणि खिशात ठेवत.

त्या उन्हाळ्यात कन्हानचं पाणी आटलं.
तान्ह्या पोळ्याला मारबत निघाली,
मागे बडग्यांची रांग,
आणि त्यात एक बडग्या त्यांचा :
गळ्यात तोटी, हातात छत्री,
पाठीवर पाटी, घेऊन जा गे मारबत.
गाडी थांबवून ते उतरले.
पोरं चपापली, ढोल अडखळले.
त्यांनी बडग्याचं धोतर चिमटीत धरलं.
"जाळा लेकहो, पानी नाही तं जाळा.
पन हे मिलचं हाये.
कोष्ट्याला मिलचं धोतर नेसवता?"
आणि घरून, म्हणतात, स्वतःच्या मागावरचं पाठवलं.
तेच जळालं.

माझं बिल लेखा विभागात अडकलं.
शेरा : मंजूर अक्षरे पाच, लिहिलेली अकरा.
जादा बारा रुपयांस आधार नाही.
तीन पत्रं लिहिली त्यांनी,
शहराच्या प्रथम नागरिकानं, बारा रुपयांसाठी.
शेवटच्या दिवशी गाडीची किल्ली देऊन
सायकलरिक्षात बसताना मला हाक मारली,
जाकिटातून बारा रुपये काढले.
त्यांच्यासोबत गुंडाळीतली एक लाल फीतही आली बाहेर.
पैसे मी घेतले. खोटं कशाला बोलू,
घरी दळण नव्हतं.

ते गेले तेव्हा सभागृह दोन मिनिटं उभं राहिलं
आणि तहकूब झालं. भत्ता सगळ्यांना मिळाला.

परवा नवे साहेब फळीखाली थांबले.
"हे काय, उरकुडा? काही चुकलंय का?
दुरुस्त करून घ्या."
चष्मा पुसून मी वर पाहिलं.
उ-चा सोनेरी पोपडा सुटत होता,
बाकी दहा शाबूत.
"हो साहेब," म्हणालो,
आणि उ पुन्हा गिरवला, जरा जाडच.
मग शिडी सरकवली.
पुढचं नाव लांबलचक होतं,
आणि आता दर अक्षरी पाच झालाय.