द्वारा

लिफाफ्यावर त्यांची नावं वर, ठळक.
खाली बारीक अक्षरात मी:
द्वारा उना पेट्री, तिसरा मजला, डावं दार.

ऑगस्टात निघताना एलीनं विचारलं होतं,
तुझा पत्ता देऊ का गं, चारदोन पत्रं येतील फार तर.
दे की, म्हटलं. त्यात काय.
टॅक्सी खाली उभी, आणि स्ट्रूअन
तिसऱ्यांदा पासपोर्ट चाचपत होता.

पहिलं आलं दाताच्या डॉक्टरचं.
मग विणकामाचं मासिक.
मग डंडी कौन्सिलचं, तपकिरी, खिडकीवालं,
मग तेच पुन्हा, जरा आवाज चढवून,
आणि फेब्रुवारीत तिसरं:
चौदा दिवसांत भरा, नाहीतर
वर दहा टक्के, आणि वसुलीवाले दाराशी.
दाराशी म्हणजे माझ्याच.

होबार्टला फोन लावला. तिकडे रात्र.
स्ट्रूअन हसला. फाडून टाक गं,
इतक्या लांब कोण येतंय!
त्याच्या मागे टिटवीसारखं काहीतरी ओरडत होतं.
तुझ्यापर्यंत नाही येणार, मी म्हटलं.
तो गप्प झाला. मग म्हणाला,
अधिकारपत्र पाठवतो, सही करून.

माझा भाऊ ग्रेगर याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणतो.
म्हणो.

चाळीस मिनिटं फोनमध्ये एकच पियानो,
दर दोन मिनिटांनी तिथेच अडखळणारा.
मग एक मुलगी, आवाजाला सर्दी झालेली.
तुम्ही त्यांच्या कोण?
बहीण? घरमालक? वकील?
मी त्यांच्या वरच्या मजल्यावरची.
तिच्या फॉर्मात तो रकाना नव्हता.
"इतर" लिहिते, म्हणाली. चालेल?
चालेल.

मग तिनं वाचून दाखवलं, हवामान वाचावं तसं:
गेल्याच्या गेल्या वर्षी, अकरा नोव्हेंबरपासून
घरात एकच प्रौढ व्यक्ती, सबब पंचवीस टक्के सवलत.
दोन मार्चला दुसरी व्यक्ती पुन्हा राहायला आली.
कळवलं नाही. आम्हाला मतदार यादीवरून
उशिरा समजलं. म्हणून ही बाकी.

एकच?

त्या हिवाळ्यात दर गुरुवारी मी
सूपचं पातेलं घेऊन एक मजला उतरत होते.
स्ट्रूअन ॲबरडीनला, काम फार आहे, एली म्हणायची,
आणि तीन वाट्या काढून एक परत ठेवायची.
मी मीठ किती घातलंय ते सांगत बसायचे.
मला वाटायचं, या जिन्यातलं मला सगळं कळतं,
कोण कितव्या पायरीवर दम खातं, कुणाची किल्ली अडकते.
कौन्सिलला माहीत होतं.
मला नव्हतं.

हॅलो, ऐकताय ना? ती मुलगी शिंकली.
ऐकतेय.

दोन मार्च ते एकोणीस ऑगस्ट.
एकशे एकोणऐंशी पौंड, बारा पेन्स.
म्हणजे तो परत आला, बॅग घेऊन जिना चढला,
ओले बूट पुन्हा त्याच पायपुसण्यावर काढले,
त्याचे हे पैसे. ती एकटी होती त्याचे नव्हेत.
दोघं झाले, त्याचे.
आणि कळवायचं राहून गेलं.
गेलेला माणूस दारात उभा असताना
कोण आधी कौन्सिलला पत्र लिहायला बसतं?

मार्चमधला एक गुरुवार आठवला.
तिसरी वाटी टेबलावरच राहिली होती
आणि स्ट्रूअननं दोनदा सूप मागून घेतलं.
मला वाटलं, माझं सूप चांगलं झालंय.

माझ्या कार्डानं भरून टाकले.
त्यांना फक्त आकडा कळवला.
एलीनं त्याच रात्री पाठवले, वरच्या बारा पेन्ससकट,
आणि खाली एक ओळ:
एवढे कशाचे होते गं?

बराच वेळ ती ओळ बघत राहिले.
टे नदीवरच्या पुलावरून एक रिकामी गाडी गेली,
सगळे दिवे लावून.

पाण्याचे, मी लिहिलं.
पाणीपट्टी धरायची राहिली होती त्यांची.
इथे पाणी आणि कर एकाच बिलात येतात,
तेवढं तिला आठवत असेल.