चौथी बाजू

ओहोळबाई कारखान्यात आल्या तेव्हा
मी साडीची खोकी कापत होतो.
पिशवीतून त्यांनी एक जुना पुठ्ठा काढला,
मिशन हॉस्पिटलातली जर्मन सिस्टर जाताना ठेवून गेलेला.
म्हणाल्या, सदानंद, अशी चोवीस दारं हवीत,
तीनशे नग, नोव्हेंबर संपायच्या आत.

दारं म्हणजे?
त्यांनी नखानं एक उघडलं.
आत एवढासा लाकडी घोडा,
एक कान छपाईत सरकलेला.

मी डायची पाती वाकवत होतो,
त्या स्टुलावर बसून सांगत होत्या:
आधी कागदसुद्धा नव्हता रे.
तिकडं घराच्या दारावर खडूनं चोवीस रेघा,
रोज एक पोर एक रेघ पुसायचं.
कुठं गव्हाणीत रोज एक काडी,
बाळ येईतो अंथरूण मऊ व्हावं म्हणून.
मग म्हणे कुण्या आईनं पुठ्ठ्यावर चोवीस बिस्किटं शिवली,
"अजून किती दिवस" ऐकून ऐकून कंटाळली असणार.
तो मुलगा पुढे छापखान्यात गेला.
दारं नंतर आली.
मग लढाई. कागद मिळेना,
आणि मिळाला त्यावर बाळाच्या जागी रणगाडे.
मग चॉकलेट.
आता कुत्र्यांसाठीसुद्धा मिळतं म्हणे, बाई हसल्या.

मी अजून खडूपाशीच होतो.

परदेशीपुऱ्यात आमच्या खोलीच्या दाराला, आतून,
बाबांच्या रेघा होत्या.
मिल बंद झाली त्या दिवसापासून.
पाच-पाचच्या जुड्या, कोर्टाच्या तारखेला गोल.
ते पुसत नव्हते, वाढवत होते.
पुसायला किती उरलेत ते माहीत लागतं.
दोनदा आईनं दिवाळीला दार रंगवलं,
दोनदा रंग वाळायच्या आत
त्यांनी आकडा आठवून कोपऱ्यात लिहिला
आणि पुढं मोजायला लागले.

या कामात एकच मेख आहे.
तीन बाजू कापायच्या, चौथी नुसती दाबायची.
इरफाननं पहिल्या चाळीस नगांत चारही कापल्या,
फरशीवर दारांचा सडा,
आणि पुठ्ठ्याला नुसती भोकं.
पोरगं रडायला आलं.
मी म्हटलं, झाडून घे, चहा सांग.

रंग हललेला एक नग मी घरी नेला.
बाबा एक्क्याऐंशीचे.
पहिल्या तारखेला, जेवण झाल्यावर,
त्यांनी एका बैठकीत चोवीसही दारं उघडली.
घोडा, घंटा, मेंढरू, शेवटी बाळ.
मागची बाजू बघितली.
म्हणाले, पुढचा कागद कुठाय?

संपलं बाबा. चोवीसच असतात.

चोवीसच?
चष्मा पुसला त्यांनी.
मग अंगठ्यानं दाबून दाबून
एकेक दार परत लावत बसले.
सगळी लागली.
सोळावं तेवढं राहत नव्हतं.